सत्तेचाळिसावी नोंद

शरयूनं घोळीची जुडी परातीवर उलटी धरून दोनदा झटकली, तेव्हा मातीबरोबर एक अळी खाली पडली. काळीभोर, बोटाच्या पेराएवढी, अंगभर काटे, डोकं मात्र विटकरी. परातीच्या कडेपर्यंत ती लगबगीनं गेली आणि तिथं थांबून नुसतंच डोकं हलवत राहिली. शरयूनं घोळीची एक काडी तिच्यापुढे धरली. अळी काडीवर चढली.

“अण्णा, सापडली,” ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

“किती?” बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

“एक. बाकीची जुडी पाहून राहिली.”

“नीट पाहा. एकीवर काही ठरत नाही.”

सव्वासहा झाले होते. सातचा भोंगा व्हायच्या आत तिला फॅक्टरीच्या गेटातून आत जायचं होतं. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली त्या आठवड्यापासून रविवारची सुट्टी बंद झाली होती आणि ऑफिसातल्या टायपिस्टांनाही बारा-बारा तास बसावं लागत होतं. कुठल्या डेपोला किती पेट्या गेल्या त्याचे कागद, प्रत्येकाच्या सहा प्रती. सहावी प्रत वाचता यावी म्हणून किल्ल्या इतक्या जोरानं माराव्या लागत, की रात्री पोळी तोडताना बोटं दुखत. तरी ती उकिडवी बसून एकेक काडी उलटीसुलटी करत राहिली. आणखी सहा निघाल्या. लोणच्याची रिकामी काचेची बरणी तिनं कालच धुऊन ठेवली होती. सातही अळ्या घोळीसकट तीत सोडून तिनं अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा तोंडाला बांधला.

घोळ शेजारच्या पुष्पाभाभींच्या अंगणातली होती. त्या तिला लोनिया म्हणत आणि उपटून गाईपुढे टाकत. ही मराठी माणसं ती भाजी करून खातात याचं त्यांना अजून नवल वाटायचं. आता त्यातले किडे शोधतात म्हटल्यावर त्यांनी विचारायचंच सोडून दिलं होतं. शरयू कामावर गेली की अण्णांना दुपारचं जेवण वाढून द्यायचं काम मात्र त्या न चुकता करत.

शरयूचे वडील अण्णा वडनेरकर जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. ड्रॉइंग ऑफिसात त्यांच्या हाताला मान होता. केसाएवढी रेघ ते पट्टी न हलवता मारत. नोकरीत असताना रविवारी सायकल काढून ते कधी ग्वारीघाटाकडे, कधी सिविल लाइंसच्या बागांकडे जात आणि फुलपाखरं बघत. बघितलेल्या प्रत्येक जातीची त्यांनी वहीत नोंद केली होती: कुठं दिसलं, कोणत्या महिन्यात, अंडी कशावर घालतं, अळी कशी, कोष किती दिवसांचा. डाव्या पानावर नोंद आणि उजव्या पानावर शाईनं काढून रंगवलेलं चित्र. एकतीस वर्षांत एकशे बारा नोंदी झाल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग काढू. तेव्हापासून वही बंद होती. उजेड कुठं आहे आणि दारात कुणी उभं आहे, एवढंच आता अण्णांना कळत असे.

ऑगस्टमध्ये नागपूरहून प्राध्यापक केळापुऱ्यांचं पत्र आलं. या भागातल्या फुलपाखरांची यादी ते छापणार होते आणि अण्णांची वही जशीच्या तशी घ्यायची त्यांची तयारी होती. फक्त एका नोंदीपाशी ते अडले होते. ती सत्तेचाळिसावी. प्लेन टायगर, म्हणजे रुईवर हमखास दिसणारं ते नारिंगी फुलपाखरू. त्याची अळी रुईवर वाढते हे कुणालाही ठाऊक आहे. अण्णांच्या वहीत मात्र पुढं एक ओळ होती, की जबलपुरात ती घोळीवरही वाढते. ऑक्टोबर १९३८, घरी पाळून खात्री केली. हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही, असं प्राध्यापकांनी कळवलं होतं. हे खरं ठरलं तर यादीचं मोल वेगळंच होईल. पण नोंदीत घोळीवरच्या अळीचं वर्णन नाही, नमुनाही ठेवलेला नाही. या पावसाळ्यात पुन्हा एकदा पाळून पाहता येईल का? हस्तलिखित ऑक्टोबरअखेर मिळालं तर बरं.

शरयूनं पत्र वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, डोळ्यांनी दिसत नाही, आता कोण पाळणार? शरयू म्हणाली, मी पाळते. वहीची स्वच्छ नक्कल तीच करत होती. रोज कामावरून आल्यावर दोन नोंदी. एका नोंदीसाठी सगळं काम अडून राहू नये, लवकर सुटावं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्या नोंदीची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. घोळ निवडताना आईला कोष सापडले होते, ते अण्णांनी खोक्यात ठेवले आणि त्यातून नारिंगी फुलपाखरू निघालं. अण्णांनी त्याचं चित्र काढून ऑफिसच्या मोठ्या साहेबांना दाखवलं. साहेबांना फुलपाखरांचा नाद होता. त्यांनी अण्णांना सिविल लाइंसमधल्या बंगल्यावर बोलावलं, व्हरांड्यात आपल्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि मुंबईला पत्र लिहिलं. तिथल्या पत्रिकेत तीन ओळी छापून आल्या, त्यात अण्णांचं नाव होतं. आई ती गोष्ट सांगताना साहेबांचं नाव कधी घ्यायची नाही; ‘आमच्या घोळीच्या भाजीतून’ एवढंच म्हणायची. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

अळ्या अधाशासारख्या खात होत्या. पहाटे उठून शरयू बरणीतली विष्ठा झटकायची, ताजी घोळ टाकायची, मग अंघोळ. चौथ्या दिवशी तिला वेगळंच काही जाणवलं. नक्कल करताना तिनं नोंदीची पहिली ओळ लिहिली होती: रुईवरची अळी गुळगुळीत, पांढरे-काळे-पिवळे पट्टे, पाठीवर मांसल शिंगांच्या तीन जोड्या. बरणीतल्या अळ्यांना पट्टाही नव्हता आणि शिंगही नव्हतं. नुसते काटे. संध्याकाळी तिनं अण्णांना विचारलं, की असं काहून?

अण्णा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. पाला बदलला की अळीही बदलते कधीकधी, असं म्हणाले. शरयूला ते पटलं. किंवा पटवून घेण्याइतकी ती थकलेली होती. त्या दिवशी सायरनची रंगीत तालीम झाली होती आणि सगळ्यांना तासभर खंदकात उभं केलं होतं. तेवढं राहिलेलं टायपिंग नंतर बसून पुरं करावं लागलं होतं.

युद्धबंदी झाली त्या सुमाराला अळ्यांनी खाणं सोडलं. धोतराच्या तुकड्याला आतून चिकटून त्या एकेक करून उलट्या लटकल्या, कातडी सोलल्यासारखी वर सरकली आणि खाली वाळक्या पानाच्या तुकड्यासारखे सात कोष राहिले. खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआउटसाठी चिकटवलेले काळे कागद अजून कुणी काढले नव्हते. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागे. शरयू रोज दिव्याखाली बरणी धरून बघायची आणि अण्णा रोज बाहेरून विचारायचे, रंग बदलला का. त्यांच्या विचारण्यात उत्सुकता आहे की काळजी, ते तिला कळत नसे.

गुरुवारी सकाळी एक कोष फुटलेला दिसला. त्याच्या सालीला धरून एक फुलपाखरू बसलं होतं. पंख भिजलेल्या फडक्यासारखे चोळामोळा झालेले. ती पोळ्या लाटत असतानाच ते हळूहळू उलगडले. नारिंगी. टोकाशी काळं, त्यात पांढरा पट्टा. अगदी रुईवरचं.

“अण्णा, निघालं. नारिंगी.”

अण्णांनी हात जोडले की नुसते मांडीवर ठेवले, ते तिला स्वयंपाकघरातून दिसलं नाही. ते इतकंच म्हणाले, “बाकीचेही निघू दे.”

शुक्रवारी दुसरं निघालं. ते काळं होतं.

शरयू हातातलं पीठ तसंच घेऊन बरणीपाशी उभी राहिली. मखमलीसारखा काळा रंग आणि त्यावर पांढऱ्या चंद्रासारखे डाग, पुढच्या पंखांवर दोन-दोन, मागच्यावर एकेक. हे तिनं पाहिलेलं होतं. पावसाळा सरताना पुष्पाभाभींच्या भिंतीवर हे तासन्‌तास ऊन खात बसायचं. घोळीबरोबर दुसऱ्याच कशाची अळी आली असेल, असं तिला वाटलं. पण सातही अळ्या तिनं आपल्या हातांनी मोजल्या होत्या आणि सातही सारख्याच होत्या. तिनं ते काळं फुलपाखरू पेल्यानं पकडून दुसऱ्या बरणीत ठेवलं आणि बरणी फळीवर डब्यांच्या मागे सरकवली. अण्णांना सांगितलं नाही. शनिवारी आणखी तीन निघाली, एक नारिंगी आणि दोन काळी.

त्या रात्री जेवण झाल्यावर तिनं वही पहिल्या पानापासून चाळली. काळ्याची नोंद कितवी आहे ते पाहून त्याची अळी कशी लिहिली आहे ते तिला बघायचं होतं. एकशे बारा चित्रं उलटून झाली. काळं फुलपाखरू कुठंच नव्हतं. नखाएवढ्या निळ्या पाकोळ्यांच्या अकरा जाती अण्णांनी वेगवेगळ्या ओळखून लिहिल्या होत्या. शेजारच्या भिंतीवर दर वर्षी बसणारं एवढं ठसठशीत फुलपाखरू त्यांच्या नजरेतून सुटलं कसं, याचा विचार करत ती वहीवर डोकं टेकून तशीच झोपून गेली.

रविवार होता. महिन्याभरानं मिळालेली पहिली सुट्टी. उशिरापर्यंत झोपायचं तिनं कधीचं ठरवून ठेवलं होतं, पण नेहमीच्या वेळेला जाग आली. ती रेल्वेच्या कुंपणापाशी गेली. तिथं रुईची झाडं होती. ऊन वर येण्याची वाट पाहत अर्धा तास उभी राहिली आणि फुलावर बसलेलं एक नारिंगी फुलपाखरू रुमालात धरून घरी आली. मागच्या ओट्यावर बसून तिनं ते बरणीतल्या नारिंगी फुलपाखराशेजारी धरलं. पंखाचं टोक सारखं, पट्टा सारखा, कडेचे पांढरे ठिपके सारखे. मग तिनं मागचे पंख पाहिले. रुईवरच्याला पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके होते. बरणीतल्याला एकच, तोही वरच्या कडेला. दुसऱ्या नारिंगीलाही एकच.

म्हणजे काळे नर आणि या नारिंगी माद्या. रुईच्या फुलपाखराचं सोंग घेतलेल्या. ते कळायला तिला कुणाची गरज पडली नाही. रुमालातलं फुलपाखरू तिनं सोडून दिलं आणि ती तिथंच बसून राहिली. ही एक ओळ खोडली की यादीत उरलेलं सगळं पुस्तकांतून आधीच असलेलं. प्राध्यापक सभ्य माणूस, ते तरीही यादी छापतील. पण अण्णांना हे सांगायचं, ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची, मग त्यांचं गप्प होणं दिवसचे दिवस घरात सांभाळायचं, आणि उद्या सातला गेट. तेवढं बळ तिला आपल्यात दिसेना.

ती बाहेरच्या खोलीत आली. नक्कल केलेले कागद टेबलावर होते. सत्तेचाळिसाव्या नोंदीखाली दोन ओळींची जागा तिनं मोकळी सोडली होती. ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं पेनचं टोपण काढलं.

“आज घरी आहेस तर झोपायचं होतं जरा,” अण्णा म्हणाले.

“हे संपवून टाकते, अण्णा. उद्या पोस्टात टाकीन. काय लिहू? पुन्हा पाळून खात्री केली, एवढंच?”

“किती निघाले?”

“पाच. दोन राहिलेत.”

अण्णा खुर्चीत जरा पुढे झाले. “मागच्या पंखावरचे ठिपके मोजलेस?”

शरयू कागदाकडे पाहत राहिली.

“मोजले.”

“किती?”

“तीन,” ती म्हणाली.

बाहेर पुष्पाभाभी बादली घासत होत्या, तो आवाज थांबेपर्यंत अण्णा तसेच बसले. मग त्यांनी आवाज न चढवता विचारलं,

“काळा नाही निघाला का एकही?”

शरयूनं वर पाहिलं. अण्णांचे दुधाळ डोळे नेहमीसारखेच तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी लागलेले होते. काळ्याचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. पुष्पाभाभींनाही नाही, आणि बरणी डब्यांमागे होती.

“तीन निघाले,” ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. “माझे दोन निघाले होते.”

नंतर त्यांनी सांगितलं, ते थांबत थांबत आणि कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. पहिल्या दिवशी नारिंगी निघालं, तेव्हा खरंच वाटलं होतं. त्याच दुपारी घाईनं चित्र काढून साहेबांना दाखवलं. साहेबांनी नमुना पाहायला मागितला नाही, नुसतं पुस्तक उघडून म्हणाले, चित्र ठेवून जा, मुंबईला पाठवतो, सकाळी बंगल्यावर या. घरी येऊन पुन्हा नमुना पाहिला, तर ठिपका एकच. चित्रातही एकच होता. सकाळी बंगल्यावर जाऊन चित्र परत मागितलं, एक रेघ राहिली म्हणून. तेव्हाच साहेबांनी खुर्ची दिली. चित्र मांडीवर होतं, खिशात पेन होतं. तिथंच बसून दोन ठिपके वाढवले. तिसऱ्या दिवशी पहाटे काळे निघाले. आई उठायच्या आत मागच्या खिडकीतून ते सोडून दिले. नारिंगीला मुंग्या लागल्या म्हणून सगळ्यांना सांगितलं.

“आईला माहीत होतं?”

“ती काय ठिपके मोजणार होती! तिनं सगळ्या घमापूर मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं तोवर.” अण्णांनी चेहरा शेजारच्या अंगणाकडे वळवला. “काळ्याला नंतर वहीत घेताच येईना. त्याला घेतलं असतं तर त्याची मादी कोण, तेही लिहावं लागलं असतं. दर वर्षी येऊन बसायचा शेजारच्या भिंतीवर. मी सायकल दुसऱ्या बाजूनं काढायचो.”

शरयूच्या हातातलं पेन वाळत चाललं होतं. तिनं ते कागदाच्या कडेला दोनदा ओढून पाहिलं. तिला राग यायला हवा होता, असं तिला वाटलं. महिनाभर पहाटे उठून तिनं जे पाळलं ते काय निघणार, हे या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण राग येण्यापुरतीही ताकद नव्हती. आणि आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, ‘तीन’ तीही म्हणालीच होती.

“मला काहून पाळू दिलं मग?” तिनं विचारलं.

“मला सांगवत नव्हतं. म्हटलं, तुला दिसेल. तू सांगशील.”

मग नक्कल केलेला तो कागद तिनं बाजूला काढला आणि नवा घेतला. प्राध्यापकांनाही लिहावं लागेल, ती म्हणाली. नजरचूक झाली होती म्हणून कळवते.

“नाही,” अण्णा म्हणाले. “नजरचूक लिहू नको. तेव्हा नजर चांगली होती माझी.”

“मग काय लिहू?”

“जे झालं ते. ठिपके वाढवले म्हणून लिही. त्यांना यादी छापायची तर छापतील, नाहीतर नाही.” त्यांनी पाठ खुर्चीला टेकली आणि डोळे मिटले. “ते पत्र नंतर. आधी नोंद घे. एकशे तेरा. नर.”

शरयूनं आकडा लिहिला.

आणि अण्णा सांगू लागले. पंखांचा विस्तार किती, शरीर वरून कोणत्या रंगाचं, पुढच्या पंखावरचा मोठा डाग कसा तिरका आणि टोकाजवळचा कसा लहान, मागच्याचा कसा गोल. पंख मिटले की खालून कोणता तपकिरी दिसतो. जमिनीपासून किती उंचीवर बसतो, दुसरा नर आला की कसा त्याच्या अंगावर धावून जातो आणि पुन्हा फिरून त्याच जागी येऊन बसतो. इतकी वर्षं भिंतीकडे न बघणाऱ्याला एवढं दिसलं नसतं. ते न अडखळता, शब्द न शोधता सांगत होते आणि शरयूचं पेन मागे पडत होतं.

“हळू सांगा, अण्णा.”

ते थांबले. तिची ओळ पुरी झाल्याचा अंदाज घेऊन मग म्हणाले, “पांढऱ्या डागांच्या भोवती जांभळं असतं. लिहिलं?”

“जांभळं नाही दिसलं मला. काळंच आहे.”

“कुठं पाहिलंस?”

“स्वयंपाकघरात.”

“तिथं काय दिसणार! बरणी उन्हात घेऊन ये.”

शरयू उठली. डब्यांमागची बरणी काढून ती मागच्या ओट्यावर आली आणि अण्णा सांगतील तशी, आधी सरळ, मग थोडी तिरकी, ती उन्हासमोर धरून उभी राहिली. फुलपाखरानं पंख एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग बरणी आणखी जराशी कलली आणि पांढऱ्या डागांभोवती गडद, ओला वाटावा असा जांभळा रंग उमटला.

“दिसलं?” आतून अण्णांनी विचारलं.

“हो.”

“लिही मग.”